सतरा सप्टेंबरची फाइल

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या पहिल्या बैठकीत वाद झाला तो आकड्यावरून. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या निजामाने शरणागती जाहीर केली. त्याला ७५ वर्षे पूर्ण झाली १७ सप्टेंबर २०२३ ला, पण ७५ वे वर्ष लागले १७ सप्टेंबर २०२२ ला. अमृतमहोत्सवी वर्ष म्हणजे या दोन तारखांमधले वर्ष. हे वाक्य पहिल्या परिपत्रकात ठळक टाकले नाही तर एक तालुका २०२२ ला 'सांगता' छापतो, दुसरा २०२३ ला 'शुभारंभ' छापतो, आणि दोन्ही पत्रिका एकाच पालकमंत्र्यांच्या टेबलावर जाऊन पडतात.

त्याच परिपत्रकात शब्दही ठरवून टाकावा. 'मुक्ती' सुटा लिहिला तर दीर्घ, समासात 'मुक्तिसंग्राम' ऱ्हस्व. 'स्मृतिस्तंभ' तसाच. फ्लेक्सवाला दोन्ही प्रकारे छापतो. फ्लेक्स आठवड्यात उतरतो, कोनशिला उतरत नाही. मानक शब्दांची अर्ध्या पानाची यादी सर्व तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी गेली की पुढचे बरेच फोन वाचतात.

माहितीफलकाच्या मजकुरात तीन चुका हमखास येतात, त्या इथेच सांगून ठेवतो. पहिली, 'आठ जिल्हे मुक्त झाले'. १९४८ ला मराठवाड्यात पाचच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. दुसरी, '१७ सप्टेंबरला सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली'. निजामाची घोषणा १७ ची. त्याचा सेनापती जनरल अल इद्रूस भारतीय सैन्याच्या मेजर जनरल चौधरींपुढे शरण आला तो १८ ला. तिसरी, 'त्याच दिवशी मराठवाडा महाराष्ट्रात आला'. मराठवाडा १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मजकूर स्थानिक महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावा, पण सही आपल्या अधिकाऱ्याची घ्यावी. चूक निघाली की प्राध्यापकांना कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट परिपत्रक लिहिणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. निजामाचे सगळे मराठी मुलूख आजच्या मराठवाड्यात नाहीत. राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, आज ते चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात आहे. तिथेही १७ सप्टेंबर हाच मुक्तिदिन. 'मराठवाडा विभागातील आठ जिल्हे' एवढेच शब्द टाकले की राजुरा, कोरपना, जिवती आपोआप बाहेर राहतात. उलट बाजूला निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते, त्यामुळे तिथल्या माणसांचे जुने कागद बीदरच्या नावाने निघतात. मुधोळचा भाग नांदेडातून निघून तेलंगणात गेला. यादी करणाऱ्याने १९४८ चा नकाशा आणि आजचा नकाशा भिंतीवर शेजारी शेजारी लावावा. आम्ही तो उशिरा लावला.

यादी, हेच या सगळ्याचे मुख्य काम. मंडप, ध्वज, पाहुणे हे दरवर्षीचे आहे, यंत्रणेला त्याची सवय आहे. हुतात्म्यांची आणि स्वातंत्र्यसैनिकांची नावे गोळा करून, पडताळून, एकदा दगडावर कोरायची, ही सवयीची गोष्ट नाही. आणि तिलाच सगळ्यात कमी वेळ मिळतो, कारण बैठकीत मंडपाची चर्चा आधी होते.

नावांचे स्रोत तीन. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सन्मान निवृत्तिवेतनाच्या फायली, जुनी छापील चरित्रकोशवजा पुस्तके व गॅझेटियर, आणि गावातून येणारे अर्ज. निवृत्तिवेतनाची यादी हाताशी असते म्हणून तीच उचलून चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या यादीत निवृत्तिवेतन मागितलेले लोक आहेत. जो १९४८ ला मारला गेला आणि ज्याच्या मागे अर्ज करणारे कुणी उरले नाही, तो तिथे नाही. काही जिल्ह्यांत बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हेही विसरू नये. प्रत्येक नावापुढे 'मंजूर', 'रद्द', 'न्यायप्रविष्ट' असा एक रकाना ठेवला की पुढचा त्रास टळतो.

गावनिहाय यादी करताना एकच माणूस दोनदा येतो. जन्मगाव एक, हौतात्म्याचे ठिकाण दुसरे, आणि दोन्ही गावे त्याच्यावर हक्क सांगतात. दोघांचेही बरोबर असते. गोविंदराव पानसरे यांची हत्या १९४६ ला बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ झाली, म्हणून अर्जापूरचे स्मारक त्यांचे. पण त्यांचे काम सगळ्या नांदेड जिल्ह्यात होते. वापटीचे बहिर्जी शिंदे जुन्या कागदांत परभणी जिल्ह्यात सापडतात, कारण वसमत तालुका तेव्हा परभणीत होता, आज हिंगोलीत आहे. उपाय साधा आहे: 'गाव' या एका रकान्याऐवजी चार रकाने करायचे. जन्मगाव, हौतात्म्याचे ठिकाण, तेव्हाचा तालुका-जिल्हा, आजचा तालुका-जिल्हा. नाव कोणत्या स्मारकावर कोरायचे हे शेवटी समिती ठरवते, पण तिच्यासमोर चारही गोष्टी असाव्या लागतात. सरहद्दीवरच्या कॅम्पांत, म्हणजे बार्शी, मनमाड, उमरखेड अशा निजामी हद्दीबाहेरच्या ठिकाणांहून लढलेल्यांच्या बाबतीत कॅम्पसाठी पाचवा रकाना लागतो.

मग तारखा. निजामी राजवटीतले कागद फसली सनातले, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेतले. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. त्यात ५९० मिळवले की १९४७ येते, ५९१ मिळवले की १९४८. कोणता आकडा मिळवायचा ते महिन्यावर ठरते. वर्ष आजूर महिन्याने ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. आजूर, दय आणि बहमनचे बहुतेक दिवस जुन्या इसवी सालात पडतात, पुढचे सगळे नव्या सालात. १७ सप्टेंबर आबानमध्ये, म्हणजे फसली वर्षाच्या शेवटच्या महिन्यात येतो. महिना न बघता सरसकट ५९० मिळवणाऱ्या टंकलेखकाने एका यादीत पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या भारतीय लष्करी कारवाईच्या, आठवड्यात मारल्या गेलेल्या माणसांना १९४७ ला नेऊन ठेवले. ते तसेच छापले गेले असते तर रझाकारांनी मारलेला माणूस कागदावर वर्षभर आधीच गेला असता.

हे कागद वाचणारे मिळणे हाच एक प्रश्न. उर्दू शिकस्ता (घाईत जोडून लिहिलेले वळण) आणि मोडी ही दोन्ही वाचणारी माणसे जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतकी. त्यातच सप्टेंबर २०२३ ला निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातली तीच कपाटे, तेच बस्ते, तीच वाचणारी माणसे दोन कामांना एकदम लागली. मोडी-उर्दूचे काम एप्रिल-मे मध्ये उरकून घ्यायला हवे होते. वाचकाला मानधन पानाप्रमाणे द्यावे, दिवसाप्रमाणे देऊ नये. शिकस्ता लिपीचे एक पान कधी दहा मिनिटांत सुटते, कधी अर्धा दिवस घेते. दिवसाच्या दराने दिले की कठीण पाने बस्त्याच्या तळाशीच राहतात. (पानाच्या दरात सोपी पाने आधी संपतात, हेही खरे. पण निदान किती उरली ते मोजता येते.)

यादी नक्की झाली की दगड. काळा ग्रॅनाइट, १८ ते २० मिलिमीटर जाडीचा, चार फूट बाय तीन फूट, हा आकार दोन माणसांना उचलता येतो आणि भिंतीत बसतो. मशीनने कोरून सोनेरी रंग भरतात. अक्षर एक इंचाचे धरले तर दोन ओळींत किमान अर्धा इंच मोकळी जागा हवी, कारण देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही जागा खातात. तीन फूट उंचीत मथळ्याचे सहा इंच सोडले की उरतात तीस इंच, म्हणजे वीस ओळी. चार फुटांत दोन रकाने बसतात, पण 'गाव' सोबत लिहायचे असेल तर नाव एका ओळीत मावत नाही. म्हणून एका दगडावर चाळीस नावे हा हिशेब कागदावर ठीक, प्रत्यक्षात तीस धरावीत.

आता अक्षरांची गोष्ट, कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते. कार्यालयातली यादी युनिकोडमध्ये असते. दगड कोरणाऱ्याकडे जुने फाँट असतात. तो मजकूर रूपांतरित करतो आणि त्यात 'ऱ्ह', 'ऱ्य' मोडतात. 'कुऱ्हाडे' मधला र सुटा पडतो, 'गोऱ्हे' चे भलतेच काहीतरी होते. 'श्र' आणि 'क्ष' ही घसरतात. संगणकाच्या पडद्यावर हे दिसत नाही, कारण पाठवणारा आपल्या पडद्यावर बघतो आणि कोरणारा त्याच्या. त्यामुळे यादी वर्डमध्ये पाठवूच नये. फाँट आत बसवलेली पीडीएफ पाठवावी, कोरणाऱ्याने मजकूर रेषांमध्ये बदलून त्याची मूळ आकाराची कागदी छापील प्रत द्यावी, आणि ती प्रत भिंतीला चिकटवून दोन माणसांनी तपासावी. एकाने मूळ यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवायचे. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण. शक्य असेल तर दुसरा माणूस त्या गावचा तलाठी किंवा ग्रामसेवक असावा. 'वाघमारे' की 'वाघमोडे' हे त्याला ठाऊक असते, मंत्रालयाला नसते. प्रतीवर सही-तारीख झाल्याशिवाय दगडाला हात लावू नये असे कार्यादेशातच लिहावे. एवढे करूनही एका दगडावर 'बापूराव' चा 'बाबूराव' झाला. तो दगड पुन्हा करावा लागला, कारण कोरलेल्या ब ला प करता येत नाही.

स्मारकांच्या दुरुस्तीकडे वळू. हुतात्मा स्मारके बहुतेक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली. स्लॅब गळतो, फरशी खचलेली, कुंपण गायब. दुरुस्तीची साखळी अशी: जागेची मालकी निश्चित करणे (ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की महसूल, हे ठरायलाच महिना जातो), बांधकाम उपविभागाकडून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. प्रत्येक टप्पा सुरळीत गेला तरी तीन महिने. जूनपासून पाऊस, म्हणजे छताचे काम मे अखेर संपायला हवे, म्हणजे कार्यादेश फेब्रुवारीत हवा. २०२२-२३ मध्ये हे गणित आणखी आवळले. १८ डिसेंबरला ग्रामपंचायतींचे मतदान, ३० जानेवारीला औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघाचे मतदान. दोन्हींच्या आचारसंहितांत नव्या कामाची फाइल पुढे सरकत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोकळीक मिळाली तेव्हा ३१ मार्चला सात-आठ आठवडे उरले होते. निधी खर्ची पडावा म्हणून मग जे लवकर होते ते झाले, म्हणजे रंग.

ओल्या भिंतीवर ऑइलपेंट दिला की आतला दमट वाफारा बाहेर पडायला जागा शोधतो आणि पावसाळ्यात रंगाचे फुगे येतात. ऑगस्टपर्यंत भिंत कोड फुटल्यासारखी दिसते. आधी गळती, मग गिलावा, तो तीन-चार आठवडे सुकवणे, मग रंग. आणि तोही सिमेंटवर चालणारा, भिंतीला श्वास घेऊ देणारा. हे सगळ्यांना माहीत असते. अंदाजपत्रकात 'रंगकाम' हे एकच कलम मंजूर झालेले असते, म्हणून तेच होते.

प्रत्यक्ष दिवसाचे नियोजन, म्हणजे 'मिनिट टू मिनिट', जुन्या फाइलवरून उचलू नये. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत लागू झाले. ते एक मिनिट ४१ सेकंदांचे, राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे. २०२२ च्या कागदात ते नाही, आणि बँडपथकाला आदल्या दिवशी कळले तर वाजवता येत नाही. क्रम असा ठेवला: स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र, पोलीस पथकाची मानवंदना, हवेत तीन फैरी, मग ध्वजारोहण, राष्ट्रगीत, राज्यगीत, भाषण. संभाजीनगरचा मुख्य कार्यक्रम सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी होतो, आणि त्याच बागेत महापालिकेचे प्राणिसंग्रहालय आहे. फैरींची वेळ तिथल्या कर्मचाऱ्यांना कळवणे हेही एक काम. परभणीत राजगोपालाचारी उद्यान, नांदेडात विसावा उद्यान. तिन्ही ठिकाणी जागा मर्यादित, झाडे बरीच. खुर्च्यांचा नकाशा झाडांच्या बुंध्यांसकट काढावा, मोकळ्या मैदानाचा काढू नये.

ध्वज दोन ठेवावेत, दोन्ही ३:२ प्रमाणातले. सप्टेंबरच्या मध्याला रात्रीची सर येते, भिजलेली खादी जड होते आणि दोरीची सुटी गाठ आवळून बसते. फुलांच्या पाकळ्या आत भरल्यावर घडी किती जाड होते ते तालमीत बघावे. तालीम आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच दोरीने. नवी नायलॉन दोरी कप्पीवरून सुटते, तिला दोन दिवस आधी बसवून ओढून बघावे. बांधताना केशरी पट्टा वरच्या टोकाला आहे का, हे दोन माणसांनी स्वतंत्र बघायचे.

सत्काराचा भाग सगळ्यात नाजूक. १९४८ ला अठरा वर्षांचा असलेला माणूस २०२३ ला त्र्याण्णव वर्षांचा. त्याला सकाळी साडेआठला उन्हात खुर्चीवर बसवून नऊच्या पाहुण्यांची वाट बघायला लावणे हा सन्मान होत नाही. ज्यांना येता येते त्यांना घरून गाडी, सोबत नात्यातले एक माणूस आणि एक परिचारिका, बसायला सावलीत पाठ असलेली खुर्ची, व्यासपीठावर जायला उतरण (एक फूट चढायला बारा फूट लांबी, त्याहून तीव्र नको), आणि स्वच्छतागृह पन्नास पावलांत. सत्कार व्यासपीठावर बोलावून न करता पाहुण्यांनी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन करायचा, हे आधीच शिष्टाचार शाखेकडून मान्य करून घ्यावे. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी तहसीलदारांनी १६ तारखेला जावे, १८ ला नको. १७ ला सगळ्या गावाने सत्कार बघितलेला असतो आणि १८ ला आलेला अधिकारी उशिरा आल्यासारखा दिसतो. वीरपत्नींची यादी वेगळी करावी. निवृत्तिवेतनाच्या यादीत त्या 'वारस' या एका शब्दाखाली दडलेल्या असतात.

२०२३ च्या बंदोबस्ताचे गणित शेवटच्या पंधरवड्यात दोनदा बदलले. १ सप्टेंबरला आंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला, मराठवाडाभर आंदोलन पेटले, उपोषण सुटले ते १४ ला. १६ ला मंत्रिमंडळाची बैठक संभाजीनगरात. १७ ला मुक्तिसंग्राम दिन. १९ ला गणेश चतुर्थी. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, विजेची जनित्रे सगळी गणपतीला गुंतलेली, दर चढलेले. मंडपाचे दरपत्रक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मागवले नसते तर काहीच हाती लागले नसते. आणि ज्या शुक्रवारी, १५ ला, जिल्ह्यांच्या नामांतराची अधिसूचना निघाली, त्या दिवसापर्यंत 'औरंगाबाद' आणि 'उस्मानाबाद' छापलेल्या पत्रिका, प्रमाणपत्रे, पासेस यांचे गठ्ठे कपाटात तयार होते. शहाण्याने प्रमाणपत्रांवर जिल्ह्याचे नाव शिक्क्याने उमटवायचे ठेवले होते. शिक्का एका दिवसात बदलतो.

कार्यक्रम संपल्यावर बिले. तसलमात, म्हणजे आगाऊ रक्कम, उचललेली असेल तर तपशीलवार देयक वेळेत द्यावे लागते, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाची तसलमात कोषागार अडवते. प्रत्येक बिलाला कार्यादेशाची प्रत, छायाचित्र, वस्तू मिळाल्याची नोंद, दगडाच्या बाबतीत सही केलेली छापील प्रत. वाहनांच्या बिलाला लॉगबुक. सगळ्यात जास्त अडते ते किरकोळ: पाण्याचे जार, फुले, दोरी. पावत्या साध्या कागदावर येतात, त्यावर जीएसटी क्रमांक नसतो. फुलवाल्याकडून आधीच पक्के बिल मिळेल का ते विचारून मगच पुष्पचक्र सांगावे. उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढच्या वर्षीची तरतूद येत नाही.

ऑक्टोबरात अर्ज येत राहतात. आजोबांचे नाव राहिले, सोबत एक पिवळा कागद, फसली सनातला. ते अर्ज त्याच चार-पाच रकान्यांत भरून ठेवायचे आणि पडताळणीला पाठवायचे. यासाठी शेवटच्या दगडावर तळाच्या दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात. त्या मोकळ्या का, असे उद्घाटनाच्या दिवशी दोघांनी तरी विचारले.